लघवी तुंबून वडिलांच्या दोन्ही किडन्यांना सूज आली आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी रक्तात तपासतात तो आकडा) ५.२ आहे. किडन्या पूर्ववत होतील का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७१ वर्षांचे, राहायला देवगडजवळ, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली. काल कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातल्यावर एकदम सव्वा लिटर लघवी निघाली आणि आता घरात सगळ्यांनी डायलिसिसची धास्ती घेतली आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे. असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. वॉर्डात जे बघते आणि डॉक्टर राउंडला जे समजावतात, ते सांगते.

आधी तो ५.२ मनातून काढा. तो वाट बंद असतानाचा आकडा आहे. लघवी मोकळी झाली की पहिल्या काही दिवसांत क्रिएटिनिन भराभर उतरतं, मग सावकाश, आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी एका ठिकाणी थांबतं. वडिलांच्या किडन्या किती वाचल्या ते या थांबलेल्या आकड्यावरून कळेल. त्याआधी कोणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर त्यावर विसंबू नका, चांगलं सांगत असला तरी.

पाट तुंबला की पाणी मागे चढतं, तसाच लघवीचा दाब मूत्राशयातून वर किडनीपर्यंत जातो. किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि हे लांबलं तर काम करणाऱ्या भागाच्या जागी नुसता व्रण उरतो. त्यामुळे सगळा हिशेब काळाचा आहे. पूर्ण बंद झालेली वाट आठवडाभरात मोकळी झाली तर किडनी बहुतेक वेळा सावरते. काही आठवडे गेले तर थोडं काम कायमचं जातं. तीन महिने उलटले तर परत येण्यासारखं फारसं उरत नाही. प्रोस्टेटमध्ये मात्र वाट बहुधा वर्षानुवर्षं अर्धवट अडलेली असते, म्हणून तुमच्या बाबतीत दिवस मोजता येणार नाहीत. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा, किडनीचा कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, पातळ झालाय का, किडनी आकसली आहे का? जाडी टिकून असेल तर आशा बरीच आहे.

वडिलांचं कधी दुखलं नाही, उलट थेंब थेंब गळत होतं, रात्री अंथरूण ओलं व्हायचं, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून वाईट वाटलं, कारण हे मी फार वेळा ऐकते. मूत्राशय काठोकाठ भरून वरचं सांडत असतं आणि घरच्यांना वाटतं लघवी तर होतेय. आपल्याकडचे बाप्ये रात्री चार वेळा उठतील, धार बारीक झाली तरी कुंपणाशी उभे राहतील, पण बोलणार नाहीत. विचारलं तर ‘वय झाला आता’. तुमच्या काकांनाही असंच काही होत असेल तर त्यांना याच आठवड्यात दाखवा.

पुढचे दोन-तीन दिवस लघवी भरमसाट होऊ शकते, दिवसाला तीन लिटरच्या वरही. साचलेलं पाणी आणि क्षार शरीर बाहेर टाकतं. पण त्यात सोडियम-पोटॅशियम खाली-वर होतं, बीपी उतरतं, म्हणून सिस्टर तासातासाला युरोबॅग (लघवी जमा होते ती पिशवी) बघतात आणि रक्त पुन्हा पुन्हा काढतात. त्याला कंटाळू नका. थोडी लालसर लघवीही दिसते, ती बहुधा आपोआप निवळते. रक्ताच्या गाठी येऊ लागल्या किंवा नळीतून येणं थांबलं तर लगेच सांगा.

डायलिसिसचं म्हणाल तर नळी घातल्यावर बहुतेकांना ते लागत नाही. पोटॅशियम फार वाढलं किंवा छातीत पाणी भरलं तर एक-दोनदा करावं लागतं, आणि किडनी सावरली की बंद होतं. एकदा मशीनला लावलं की सुटत नाही, या भीतीने कोणी नकार देऊ नका. नकारानेच माणसं गेलेली पाहिली आहेत.

शेजारच्यांचा मुतखडा कुळथाच्या पाण्याने पडला, वडिलांना देऊ का, असंही विचारलंय. कुळीथ जेवणात खुशाल असू दे, पण प्रोस्टेटची अडचण त्याने सुटणार नाही, पानफुटीनेही नाही. ५ मिलिमीटरच्या आतले खडे बरेचसे आपणहून पडतात, म्हणून ज्याने जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. वाट बघण्यात किडनी जाते, धोका तिथे आहे. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडलाच असं नसतं, सोनोग्राफीने खात्री करावी लागते. आणि अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर आणू नका. या किडन्यांना ती सोसणार नाही.

किडनीपर्यंत गोष्ट गेली असल्यामुळे नुसत्या गोळ्यांवर भागण्याची शक्यता कमी, बहुधा दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन सुचवतील, तेही क्रिएटिनिन स्थिरावल्यावर. तोवर नळी राहू दे. वडील ‘काढा ती’ म्हणून मागे लागतील, पण स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेऊन ती काढू नका. ऑपरेशनसाठी ओरोस, कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी, हे ठरवताना सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत तिथे हे ऑपरेशन होतं का ते आधी फोन करून विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते काही तासांत रक्तात पसरतात, आणि पावसात दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बाकी बीपी ताब्यात ठेवा आणि डिस्चार्जनंतर आठवड्याने क्रिएटिनिन करा. तो आकडा आला की इथे लिहा, ऑपरेशनबद्दल मग सविस्तर सांगते.