जुन्या लक्झरी एसयूव्हीची बॅटरी दर तीन दिवसांनी उतरते, कंट्रोल मॉड्यूल बदलू का?

भाऊ, तुमची तक्रार मला अशी समजली: १२ वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली जर्मन बनावटीची एसयूव्ही. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. जंप देऊन चालू केली की एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन, सगळे लाइट एकदम लागतात. सर्व्हिसवाले कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतली एखादी सिस्टीम चालवणारा छोटा कॉम्प्युटर, बदला म्हणतात.

आत्ता बदलू नका. मी जालन्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, २० वर्षं झाली. अशा गाड्या माझ्याकडे बऱ्याचदा एक मॉड्यूल बदलून झाल्यावरच येतात, आणि तक्रार जशीच्या तशी असते. गिऱ्हाइकाचा एवढा पैसा गेलेला बघून खरंच वाईट वाटतं.

चार-पाच सिस्टीम एकाच दिवशी बिघडत नाहीत. या गाड्यांत डझनावारी मॉड्यूल असतात आणि ती एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून, म्हणजे कॅन बसवरून, आपसात बोलतात. बॅटरी कमजोर असली की सेल्फ मारताना व्होल्टेज ९ च्या आसपास किंवा खाली जातं. तेवढ्यात काही मॉड्यूल बंद पडून परत चालू होतात आणि बाकीची 'याच्याशी संपर्क तुटला' अशी नोंद करून ठेवतात. मग स्कॅनर, म्हणजे या नोंदी वाचणारं यंत्र, लावला की बिघाडाचे १५-२० कोड दिसतात. कोण ओरडलं ते स्कॅनर सांगतो, मार कुठून बसला ते आपल्याला शोधावं लागतं. म्हणून आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, कोड पुसा, दोन दिवस गाडी चालवा आणि कोणते कोड परत येतात तेवढेच बघा.

आता गळतीचा, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणाऱ्या करंटचा हिशोब. तुमची बॅटरी ९० अँपियर-आवरच्या आसपासची असणार. चांगली गाडी झोपल्यावर, म्हणजे बंद केल्यावर सगळी मॉड्यूल शांत झाली की, साधारण २० ते ५० मिलिअँपियर खाते, म्हणजे दिवसाला सव्वा अँपियर-आवरसुद्धा नाही. तेवढ्यावर गाडी दोन-तीन आठवडे आरामात उभी राहते. तुमची तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत बसते. निम्मी बॅटरी, ४५ अँपियर-आवर गेली धरली, तर करंट निघाला ०.६ अँपियरच्या वर. एवढा करंट खाणारी वस्तू सापडतेच. अट एकच, बॅटरी स्वतः धड हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवायला हवेत. रात्रीतून स्वतःच १२.२ वर आली, तर आधी बॅटरी बदला. मूळची एजीएम (आत काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषलेली बॅटरी) असेल तर एजीएमच घ्या, आणि गाडीत बॅटरी सेन्सर असेल तर नवी बॅटरी स्कॅनरनं रजिस्टर करून घ्या. नाहीतर गाडी तिला जुन्या बॅटरीसारखीच चार्ज करत राहते.

गळती मोजताना लोक घाई करतात. दार किंवा बॉनेट उघडं असलं की गाडी झोपतच नाही. मी बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं बंद करून ठेवतो, चावी लांब नेतो, डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न तोडता चिमट्यानं करंट मोजणारा मीटर, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला लावतो आणि तासभर गाडीला हात लावत नाही. नंतर फ्यूज उपटायचे नाहीत, उपटून परत बसवला की मॉड्यूल जागी होतात. फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्टमध्ये मोजा. काहीही आकडा आला म्हणजे त्या फ्यूजमधून करंट वाहतोय. सेकंडहँड गाडीत माझा पहिला संशय आधीच्या मालकानं बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरवर, अँप्लिफायरवर आणि डॅशकॅमवर असतो. त्यानंतर चिकटलेल्या रिलेवर, म्हणजे बंदच न होणाऱ्या विजेच्या स्विचवर.

आणि एक जागा कोणी बघत नाही, ती म्हणजे गालिच्याखाली. सेलूच्या एका जिनिंगवाल्यांची गाडी मृगाच्या पहिल्या पावसानंतर आली होती. तुमच्यासारखीच लक्षणं, मॉड्यूलचं कोटेशन हातात. गाडी रोज कडुलिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. मी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा वरून दाबला तर कोरडा. कड उचलून खालचा फोम पिळला तर हातातून पाणी गळालं. खाली एका कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढलेली. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातली पुढची एक लिंबाच्या मोहरानं आणि धुळीनं गच्च भरली होती. पाणी बाहेर जायचं ते आत उतरत होतं. नळी मोकळी केली, फोम दोन दिवस उन्हात वाळवला, त्या दोन पिना बदलल्या. गळती ०.७ वरून ०.०३ अँपियरवर आली. मॉड्यूल मूळचंच राहिलं. तुम्ही सनरूफ उघडून कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओता आणि ते गाडीखाली पडतं का बघा.

अर्थिंगही तपासून घ्या. इंजिन आणि बॉडीमधली वेणीसारखी विणलेली अर्थची पट्टी १० वर्षांत गंजते. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्ये मीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर ती पट्टी आणि तिचे बोल्ट घासून साफ करा किंवा पट्टी बदला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर ठीक समजा.

एक कळकळीची विनंती. चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून 'गाडी बंद पडते का' बघण्याची जुनी पद्धत अजून आपल्याकडे आहे. तुमच्या गाडीवर ती कोणालाही करू देऊ नका. टर्मिनल निघाला की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर एकदम उसळतं, आणि धड असलेलं मॉड्यूलसुद्धा त्यात जळू शकतं.

हे सगळे आकडे कागदावर लिहून सर्व्हिसवाल्यांकडे न्या. मॉड्यूलच्या कनेक्टरवर पुरवठा किती आणि अर्थ कसा मिळतोय, ते रीडिंग त्यांच्याकडून लिहून मागा. दोन्ही बरोबर असून मॉड्यूल मुकंच असेल, तर मग बदला. फक्त भंगारातलं आणाल तर आधी विचारून घ्या, कारण बरीच मॉड्यूल त्या-त्या गाडीला कोडिंग केल्याशिवाय चालत नाहीत, आणि काही तर दुसऱ्या गाडीवर कोड होतच नाहीत.