समन्स आलं म्हणून लगेच ‘गुन्हा कबूल’ म्हणू नका

तुमच्या पोस्टवरून कळलं ते असं: चौकात वळताना स्कूटर एका आजोबांना लागली, त्यांना किरकोळ दुखापत झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (बेदरकार वाहन चालवणं) आणि 125(अ) (हयगयीने दुखापत), शिवाय मोटार वाहन कायद्याचं 184 (धोकादायक वाहन चालवणं) लावून दोषारोपपत्र गेलं आणि आता तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं समन्स हातात आहे. मेव्हणे म्हणतायत, पहिल्याच तारखेला कबूल कर, दंड भर, विषय संपव. आणि तुम्ही सरकारी भरतीची तयारी करताय.

मेव्हण्यांचा सल्ला सिग्नल तोडल्याच्या चलनाला ठीक आहे. इथे नाही. इथे कबुली दिली की दोषसिद्धी होते, मग दंड किरकोळ का असेना. उद्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात ती लिहावी लागेल. आजोबांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागितली, तर हीच कबुली तिथे तुमच्यासमोर येईल. (खटला नुसता चालू असला तरी फॉर्मात विचारलं असेल तर लिहाच. माहिती दडवल्यामुळे नोकरी जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग निकालात स्पष्ट केलंय.)

पहिल्या तारखेला हजर राहा. शिपायाने पुकारा केला आणि तुम्ही नसलात, तर वॉरंट निघू शकतं, मग ते रद्द करून घेण्यात आणखी एक दिवस जातो. जामीनदार किंवा निदान जातमुचलक्याची (स्वतःच्याच हमीपत्राची) तयारी ठेवून जा. दोषारोपपत्राच्या नकला मोफत मिळतात आणि त्या हजर झाल्यापासून चौदा दिवसांत द्यायच्या असतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याचं) कलम 230. आरोपाचा तपशील वाचून दाखवून साहेब विचारतील, कबूल आहे का? ‘कबूल नाही’ एवढंच म्हणा. तिथे बाजू मांडत बसू नका. ‘साहेब, ब्रेक दाबला होता पण...’ असं सुरू झालं की सरकारी वकील कान टवकारतात.

आता कागद. आपल्याकडच्या अपघाताच्या फिर्यादीत एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.’ वाचून घाबरू नका. नुसतं ‘भरधाव’ म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात सांगितलंय. वेग म्हणजे किती आणि त्या रस्त्यावर तो बेफिकिरीचा कसा, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायचं असतं.

मी आधी घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा उघडतो. रस्त्याची रुंदी लिहिलीय का? धडकेची जागा रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर? ब्रेकच्या खुणा? झेब्रा क्रॉसिंग कुठे? मग मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल. नुकसान डाव्या आरशाला आणि हँडलला असेल आणि फिर्यादीत ‘समोरून जोराची धडक’ असेल, तर उलटतपासाचे निम्मे प्रश्न तिथेच तयार होतात. साक्षीदारांच्या जबाबांत ‘आवाज ऐकून वळून पाहिलं’ असं वाक्य शोधा. ज्याने धडकेनंतर पाहिलं, त्याला धडकेआधीचा वेग कुठून माहीत?

कलम 184 बाबत एक मुद्दा बरेच वकीलही विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 209 प्रमाणे अपघाताच्या वेळीच ‘खटला भरण्याचा विचार होईल’ अशी ताकीद, किंवा चौदा दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांपैकी काहीतरी झालेलं असल्याशिवाय 184 खाली दोषी ठरवता येत नाही. नाव-पत्ता शोधूनही सापडला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे राहिलं, एवढाच अपवाद. तुमचं समन्स आत्ता आलंय, म्हणजे तारखा जुळवून बघा.

आजोबांशी समेट झाला तर चांगलंच, पण अर्धवट माहितीवर खूश होऊ नका. दुखापतीचं 125(अ) तडजोडीत मिटू शकतं, 281 नाही. ते संमतीने संपवायचं तर उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली अर्ज करावा लागतो आणि त्याचा खर्च धरून विचार करा. त्यांना भेटायचं ते वकिलाला विचारून. एकटे गेलात तर साक्षीदारावर दबाव आणला असं म्हणायला जागा राहते.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही.

चौकातल्या दुकानाचा कॅमेरा असेल तर आजच विचारा, बहुतेक फुटेज कधीच पुसलं गेलं असेल. मिळालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लागतं, नुसता पेनड्राइव्ह चालत नाही. नकला हातात आल्या की पंचनाम्यातली मापं नावं खोडून इथे टाका, म्हणजे पुढचं बोलता येईल.