फील येत नाही म्हणून मिस्सा सोडायची?

प्रिय बाय,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. आठवडाभर विरार लोकलला लटकायचं, रविवारी कशीबशी उठून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचं आणि तिथे काहीच वाटत नाही, सगळं तोंडपाठ, नुसते ओठ हलतात. आणि यूट्यूबवर लॅटिन मिस्सा बघितली की अंगावर काटा येतो, मग आपलं वसईचं मराठी चर्च म्हणजे गोंगाट वाटतो. बरं. मग काय, जायचं बंद?

जायचं. वाटो न वाटो, जायचं.

लॅटिन मी लहानपणी बघितलीय गं. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ, माझ्या आजीला एक शब्द कळायचा नाही, ती आपली गुडघ्यावर बसून रोझरी, म्हणजे जपमाळ ओढायची. 1963 मध्ये व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली, मग आमच्याकडे मराठी आली, पेटी-तबला आला, तेव्हा म्हातारी माणसं हेच कुरकुरायची, पावित्र्य गेलं म्हणून. आजी लॅटिनलाही गेली नि मराठीलाही गेली. फील येतो का, असं तिला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर तिने हाकलून दिलं असतं.

लिझ्यूची संत तेरेझा माहितीय ना, कार्मेल मठातली नन? 24 व्या वर्षी गेली. प्रार्थनेला बसली की तिला चक्क झोप लागायची, स्वतःच लिहून ठेवलंय. पण बसायची. 1997 मध्ये पोपनी तिला चर्चची आचार्य, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू ठरवलं. आणि तू दोन महिने कोरडं वाटलं म्हणून हैराण! शिवाय प्रवचन सुरू झाल्यावर पोचायचं, शेवटच्या आशीर्वादाआधी पार्किंगकडे पळायचं, कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या आधी तासभर काही खायचं नसतं तेही पाळायचं नाही, मग वाटणार कसं?

माझे मिस्टर गेले त्या रात्री मला काय वाटत होतं सांगू? काहीच नाही, रडूसुद्धा येईना. आळीतली माणसं आली, भिंतीला टेकून बसली, रोझरी सुरू केली आणि माझं तोंड आपोआप चालायला लागलं. नमो मारिया, नमो मारिया. इतकी वर्षं ते पाठ नसतं तर मी त्या रात्री काय म्हटलं असतं?

म्हणून आमच्या घरी अजून टीव्ही बंद करून रोझरी होते. सून म्हणते, मम्मी, जबरदस्तीने देव कळतो का? मी म्हणते, पाढे कसे आले तुला? फादरनीपण एकदा हळूच सांगितलं, पोरांना जरा मोकळं सोडा. नाही सोडलं. मोठा मुलगा आता तिकडे दुबईला चर्चची पायरी चढत नाही, हे खरंय, पण ते माझ्या हट्टामुळे असं मला नाही वाटत, निदान त्याला शब्द तरी येतात, लागतील तेव्हा सापडतील, धाकटा तर दर रविवारी येतोच की.

असो. तुझं बोलत होते. लॅटिन ऐकायची तर खुशाल ऐक, पण सोमवार ते शनिवार. रविवारी साडेसातला आपल्या चर्चमध्ये, मागच्या खांबाआड नाही, पुढे. आणि कॉयरला आवाज कमी पडतायत, शुक्रवारी प्रॅक्टिसला ये. मूड नसला तरी ये.

तुझी मावशी