झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हे बरोबर का?

अर्धंच बरोबर. प्रकाशसंश्लेषण उजेडातच होतं, पण श्वसन चोवीस तास चालू असतं. माझ्या शिकवणीतली निम्मी मुलं तरी इथेच मार्क घालवतात. दिवसा श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानं तिथल्या तिथे वापरून टाकतात, म्हणून बाहेर फक्त ऑक्सिजन पडताना दिसतो. श्वसन थांबलेलं नसतं.

शिवाय ते फक्त पानांत नाही, प्रत्येक जिवंत पेशीत चालतं, मुळांतही. पटत नसेल तर ओहोटीच्या वेळी नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीकडे जा. तिवरांभोवती (खाडीत वाढणारी खारफुटीची झाडं) चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखे कोंब वर आलेले दिसतील. ती श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, त्यामुळे ही मुळं वर येऊन बारीक छिद्रांतून हवा आत घेतात. कुंडीत रोज बदाबदा पाणी ओतलं की तुळस मरते, तेही याच कारणाने: मुळं गुदमरतात.

पेपरात श्वसनाच्या उत्तरात ‘तंतुकणिका’ (पेशीतला श्वसन चालतं तो भाग) शब्द आलाच पाहिजे. हरितलवक लिहिलंत तर ते प्रकाशसंश्लेषणाचं उत्तर झालं.