नवा ५५ इंची टीव्ही दुकानात छान दिसत होता, घरी फिका वाटतो. पॅनेल खराब आहे का?

तुम्ही विचारलंय ते असं: ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही दुकानात झगझगीत दिसत होता, घरी फिका वाटतो. क्रिकेट बघताना हिरवळ गढूळ होते, रात्री ओटीटीवरचे सिनेमे काळपट दिसतात, आणि बदलून घ्यायची मुदत १० दिवसांची आहे.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, १४ वर्षं झाली. दिवसभर रंगच बघत असतो, म्हणून सविस्तर लिहितो. परत करायची घाई करू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यातली निदान दोन पॅनेलची, म्हणजे खुद्द पडद्याची, नसावीत.

हिरवळीपासून सुरू करतो, कारण पॅनेल तपासायला क्रिकेटच्या मैदानासारखी दुसरी जागा नाही. एवढा मोठा सलग हिरवा पट्टा दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात मिळत नाही. फटका बसून कॅमेरा सीमारेषेकडे धावतो त्या दोन-तीन सेकंदांत चेंडूकडे बघू नका, गवताकडे बघा. ढगाळ डाग किंवा उभे पट्टे दिसले तर ते गवताबरोबर सरकतात की पडद्यावर जागच्या जागी राहतात, एवढंच पाहा. गवत मागे पळतंय आणि डाग मात्र हलत नाही, काचेला तेलकट हात लागल्यासारखा, तर तो पॅनेलचा. (आधी कोरड्या मऊ फडक्याने पडदा पुसून घ्या, कधीकधी खरोखरच हात लागलेला असतो.) पण कॅमेरा धावताना गवताचा लगदा होतो आणि कॅमेरा थांबला की क्षणात पातं न् पातं परत दिसायला लागतं, असं असेल तर टीव्हीचा दोष नाही. चॅनलकडून जेवढा डेटा येतो तेवढ्यात पळतं गवत मावत नाही. तुमचं वर्णन वाचून मला हीच शक्यता जास्त वाटते.

सेटटॉप बॉक्स कसा जोडलाय तेही बघा. माझ्या सासऱ्यांकडे नवा टीव्ही आला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी लावून दिल्या. एचडी पॅकचे पैसे भरूनही सहा महिने ते साधं, कमी ठिपक्यांचं एसडी चित्र बघत होते आणि टीव्हीला नावं ठेवत होते. एचडीएमआय केबल लावून बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (म्हणजे एचडी) निवडलं, तेव्हा कुठे त्यांना स्कोअरपट्टीतली बारीक अक्षरं सोफ्यावरून वाचता आली. एसडी चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. भागाकार करा, बरोबर २० येतात. म्हणजे चॅनलने एक ठिपका पाठवला की उरलेले १९ टीव्ही अंदाजाने भरतो. जुने मराठी सिनेमे एसडीवर मऊच दिसणार, कितीही महागडा टीव्ही आणला तरी. त्यावरून टीव्हीची परीक्षा करू नका.

आता फिकेपणा. दुकानात टीव्ही व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोडवर लावलेला असतो, लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून. त्यात पांढरा रंग मुद्दाम निळसर केलेला असतो, कारण निळसर पांढरा आपल्याला जास्त स्वच्छ वाटतो. कपड्यांना नीळ देतात ती त्याचसाठी. सिनेमे आणि मालिका ज्या मॉनिटरवर तयार होतात त्यांचा पांढरा ६५०० केल्विनला लावलेला असतो (केल्विन हे पांढऱ्याची झाक मोजायचं माप, आकडा वाढला की पांढरा निळसर होतो). मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडलात की तुमचा टीव्ही त्याच्या जवळ येतो. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल, जवळपास सगळ्यांनाच वाटतं. घरच्यांनी कुरकुर केली तरी तीन-चार दिवस तसंच ठेवा. नंतर पुन्हा व्हिव्हिड लावून पाहा, माणसांच्या चेहऱ्यावरची निळी झाक तुमची तुम्हालाच खटकेल.

त्याच मेनूत आणखी दोन गोष्टी करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो आणि मोठ्या पडद्यावरचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सॅमसंगवर हे पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो या नावाखाली सापडेल. सिनेमाला बंद ठेवा. दुसरं म्हणजे शार्पनेस: अक्षरांच्या भोवती दिसणारी पांढरी कड जाईपर्यंत खाली आणा.

रंगांसाठी माझी पद्धत घरगुती आहे. घरातल्या एखाद्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यात नेसलेला शालू कपाटातून काढून दिवसाउजेडी टीव्हीशेजारी धरा. कॅमेराही रंग थोडे बदलतो, त्यामुळे हुबेहूब जुळणार नाही. तुम्ही निऱ्यांकडे बघा. हातातल्या लाल शालूच्या निऱ्यांत लालच्याच चार-पाच छटा दिसतात, घडीच्या आत जवळजवळ काळपट, कडेला उजळ. व्हिव्हिडवर या सगळ्यांचा मिळून एकच सपाट लाल होतो, निऱ्या नाहीशा होतात आणि जरी नुसती पिवळी दिसते. नीट लावलेल्या टीव्हीवर घडी न् घडी दिसते आणि काठ जिथे वळतो तिथे जरीची चमक तुटते. मग हळदीच्या कार्यक्रमातला नवरीचा चेहरा जवळून पाहा. हळद लागलेला गाल आणि न लागलेली मान यांतला फरक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर टीव्ही कितीही झगझगीत असो, मला चालत नाही.

काळोखाची परीक्षा रात्रीच होते. दिवे बंद करून असा सिनेमा लावा की ज्याला वर-खाली काळे पट्टे असतात. ते पट्टे भिंतीच्या अंधारात मिसळतात की राखाडी दिसतात? एलईडी टीव्हीची पॅनेलं मुख्यतः दोन जातींची, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेलवर राखाडीच दिसतील, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक, साधारण १०००:१ असतो. व्हीए पॅनेलचा ३०००:१ किंवा त्याहून जास्त, म्हणून त्यावर काळा गडद दिसतो, पण बाजूच्या खुर्चीवरून रंग उडाल्यासारखे वाटतात. ही पॅनेलची जात आहे, बिघाड नव्हे. टीव्ही शोकेसच्या वर उंच टांगला असेल तर खालून बघतानाही व्हीएचे रंग बदलतात. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास आले पाहिजेत. अंतराचं म्हणाल तर ५५ इंचाला सातेक फुटांपलीकडून फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक साधारण नजरेला कळत नाही.

ओटीटीचा काळपटपणा बहुतेक एचडीआरमुळे असणार, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठेवून बनवलेल्या चित्रामुळे. एचडीआर सिनेमे सहसा १००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून बनवतात, आणि स्वस्त-मध्यम टीव्ही ३०० निट्सच्या आसपासच थांबतो. खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं, पण एवढा उजेड त्या टीव्हीला पेलत नाही. एचडीआर चालू झालं की पिक्चर सेटिंग वेगळं असतं, त्यामुळे सिनेमा सुरू असतानाच मेनू उघडून बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) पूर्ण वाढवा आणि वीजबचतीचा मोड बंद करा. तरीही अंधार वाटला तर तोच सिनेमा एचडीआरशिवाय साध्या चित्रात बघा, जास्त बरा दिसेल.

आता परत करण्यासारखं काय ते सांगतो. कॅमेरा फिरला तरी न हलणारे पट्टे, काळ्या पडद्यावर एखाद्या कोपऱ्यातून फुटणारा पिवळट उजेड, मेलेले ठिपके. फोनवर पांढरं, राखाडी, लाल, हिरवं, निळं आणि काळं अशी सहा सपाट चित्रं करून पेनड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक चित्र मिनिटभर पूर्ण पडद्यावर ठेवा. राखाडीवर पट्टे लगेच पकडता येतात. दिसले तर क्रिकेटमधला व्हिडिओ आणि राखाडीचा फोटो काढून आठव्या दिवसाच्या आत तक्रार नोंदवा, कारण बघायला येणारा माणूस एक-दोन दिवस घेतो. खोका आणि थर्माकोल तोपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.