निमंत्रण दारात जाऊन दे

चेंबूरच्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमाचं काम तू हाती घेतलंस, फार बरं वाटलं. एक सांगते, नुसत्या व्हॉट्सअॅपच्या निमंत्रणावर सिंधी, तमिळ, मल्याळी आजी-आजोबा सहसा येत नाहीत. घरी जा, चहा घे, सुनेशीही बोल. आणायला-सोडायला कोण येणार हे तिथंच ठरतं.

आणि त्यांना नुसतं बघायला बोलावू नकोस. १९४७ च्या फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या घरांतल्या सिंधी आजींना लग्नातली गाणी, ‘लाडा’, म्हणायला सांग. ‘मला कुठं येतंय आता’ म्हणतील. लगेच माइक पुढे करू नकोस, शेजारी बसून टाळीचा ठेका धर. दुसऱ्या ओळीला मैत्रिणी साथीला येतात. मग मराठी बायकांना ओव्या म्हणू देत. माझ्या मते हाच खरा कार्यक्रम, बाकी सत्कार-भाषणं कमीच बरी.

हॉल तळमजल्यावर, खुर्च्यांना हात, टॉयलेट जवळ. वेळ चार ते सहा ठेवलीस तर असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजासाठी स्वच्छ कोपरा मोकळा ठेव. जैन मंडळींचा फराळ कांदा-लसूण-बटाट्याविना आणि सूर्यास्ताआधी.

पहिल्या खेपेला चारच जण आले तरी पुढची तारीख त्यांना तिथंच सांगून टाक.