वाचक विचारतात : ईएल३४च्या जागी केटी८८ बसवू का?

प्रश्न (मालवण) : माझ्याकडे चार ईएल३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) पुश-पुल, म्हणजे जोडीतले दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात असा, स्टिरिओ अँप्लिफायर आहे. भजनात गळा आणि पेटी सुरेख लागते, पण पखवाजाची डावी बाजू नुसती घुमते, थाप सुटी येत नाही. केटी८८ हे दुसरे व्हॉल्व्ह त्याच सॉकेटमध्ये बसतात म्हणे. बसवू का?

उत्तर : बसतात, पण लगेच बसवू नका. केटी८८चा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) १.६ अँपिअर घेतो, ईएल३४चा १.५. चारांचे मिळून ०.४ अँपिअर जास्त झाले. हीटरचं वाइंडिंग जेमतेम ६ अँपिअरचं असेल तर ट्रान्सफॉर्मर तापणार. शिवाय तेवढ्याच करंटसाठी केटी८८च्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला) अधिक ऋण व्होल्टेज, म्हणजे बायस, लागतं. ईएल३४साठी लावलेल्या बायसवर तो भलताच करंट ओढेल, म्हणून बायस ठरवणारा प्रिसेट (फिरवायचा छोटा रेझिस्टर) तेवढा खाली जातो का ते आधी मीटरने बघा. बहुतेक जण विसरतात तो ग्रिड आणि बायस यांच्यामधला रेझिस्टर. फिक्स्ड बायसमध्ये (बायस वेगळ्या पुरवठ्यातून येतो तेव्हा) ईएल३४ला ५०० किलोओहमपर्यंत चालतो, केटी८८ला २२०च्या वर नको. ४७० ठेवलात तर व्हॉल्व्ह तापल्यावर ग्रिडचा बारीकसा करंटही बायस ढासळवतो आणि प्लेट (करंट गोळा करणारा आतला पत्रा) लाल होते.

आता आवाजाचं. ईएल३४ हा पेन्टोड, पाच इलेक्ट्रोडचा. मधल्या सप्तकात भरीव, म्हणून गळा आणि पेटी खुलते. केटी८८ हा बीम टेट्रोड (करंटचा झोत एकवटणारा), जास्त ताकद झेलणारा. पण ती ताकद बाहेर यायला प्लेटचं व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तसे हवेत. त्याच ट्रान्सफॉर्मरवर, त्याच व्होल्टेजवर फरक थोडाच पडेल.

तुमचं घुमणं बहुधा स्पीकरच्या कोनवर अँप्लिफायरची पकड ढिली असल्याने आहे. एक पैसाही न घालवता हे करा : अँप्लिफायर बंद करून ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर (स्पीकरच्या त्या जोडणीवर) लावा. तिथे आउटपुट इम्पिडन्स (अँप्लिफायरचा आतला अडथळा) निम्मा होतो, पकड वाढते, थाप आवळून येते. ताकद कमी होईल, पण घरातल्या खोलीला पुरेल. स्पीकर न जोडता अँप्लिफायर मात्र कधीच चालू करू नका. मग बायस तपासा. कॅथोडला (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथे) १० ओहमचा रेझिस्टर असेल आणि त्यावर ०.३८ व्होल्ट दिसत असेल, तर करंट ३८ मिलिअँपिअर. प्लेटला ४३० व्होल्ट धरले तर सुमारे १६ वॉट, ईएल३४च्या २५ वॉटच्या मर्यादेत आरामात. जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह सारखे हवेत. नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका बाजूने चुंबकित होतो, खर्ज पातळ पडतो आणि गुणगुण वाढते.

प्रश्न (वेंगुर्ला) : पावसाळ्यात वीसेक मिनिटांनी एकाच ईएल३४ची प्लेट लाल होते. तिथे नवा व्हॉल्व्ह लावला, तोही लाल.

उत्तर : मग दोष जागेचा आहे, व्हॉल्व्हचा नाही. आणखी व्हॉल्व्ह जाळू नका. तेवढाच एक काढा, अँप्लिफायर तापू द्या आणि सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर व्होल्टेज मोजा. आत शेकडो व्होल्ट असतात. एक हात पाठीमागेच ठेवा. शेजारच्या व्हॉल्व्हला उणे ३६ आणि इथे उणे २८ दिसले, तर कपलिंग कॅपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. ग्रिडच्या २२० किलोओहम रेझिस्टरवर ८ व्होल्ट म्हणजे फक्त ३६ मायक्रोअँपिअरची गळती, पण तेवढी पुरते. तेवढ्याच कपॅसिटन्सचा, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर घाला.

मीटरवरचा आकडा थरथरत असेल किंवा बायस मध्येच नाहीसा होत असेल, तर प्रिसेटच्या मधल्या पट्टीवर खाऱ्या हवेचा गंज चढलाय. प्रिसेट बदला आणि त्याच्या मधल्या टोकापासून ऋण पुरवठ्याच्या टोकापर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा. पट्टी सुटली तरी ग्रिड जास्त ऋण होईल, व्हॉल्व्ह वाचेल. सॉकेटच्या क्लिपांवर हिरवट थर असेल तर अँप्लिफायर बंद करून, मोठे कॅपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने पाहून, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

प्रश्न (गुहागर) : ८५ डेसिबलच्या (एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला एका ३००बी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर पुरेल?

उत्तर : नाही. एका ३००बीतून जेमतेम ८ वॉट निघतात. एक मीटरवर ९४ डेसिबल, तेही शिगेला पोहोचून. हळू आवाजात गाणं गोड वाटेल, ढोल आला की चिरकेल. स्पीकर बदलून ९५ डेसिबलच्या पुढचा घ्या, किंवा याच स्पीकरवर पुश-पुल ईएल३४ लावा.